रायफलीला टेकू घेण्याआधी

मार्केट यार्डातल्या भुसारवाल्याने नेमबाजीवर चार शब्द लिहावेत, हे जरा विचित्रच दिसेल. पण १ ऑगस्ट २०२४ रोजी राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५० मीटर रायफल थ्री पोझिशनचं कांस्य जिंकलं आणि आमच्या भाच्याच्या डोक्यात रायफल शिरली. पोरगं हट्टी. बहिणीने खर्चाची आणि ने-आण करण्याची जबाबदारी मामावर टाकली.

सरावासाठी स्प्रिंगची एअर रायफल आली. तिच्यासोबत विक्रेत्याने एक लोखंडी टेकूही गळ्यात मारला. वर कडक रबराची खाच, खाली उंची कमी-जास्त करायचा स्क्रू. ‘यावर ठेवली की रायफल हलणारच नाही,’ असं त्याचं म्हणणं. रायफल खरंच हलत नव्हती, पण छर्रे पुठ्ठ्यावर कुठेही लागायचे. भाचा साईटचे स्क्रू पिळत बसला, मग छर्रे बदलले, मग स्वतःलाच दोष देऊ लागला. पोराचा हात उगाच बदनाम झाला, याचा मला आजही राग येतो.

गोम स्प्रिंगमध्ये असते. चाप ओढला की आतला पिस्टन पुढे धावतो आणि रायफल मागे सरकते. पिस्टन थांबताना ती पुन्हा पुढे झटका खाते. हे सगळं छर्रा नळीबाहेर पडायच्या आत होतं. म्हणजे अशी रायफल हलणारच. ती दर वेळी सारखीच हलली पाहिजे, एवढीच टेकूची जबाबदारी. कडक टेकूवर ती उसळते, आणि प्रत्येक उसळी वेगळी. म्हणून स्प्रिंगच्या रायफलीला मऊ टेकू आणि सैल पकड लागते. स्पर्धेच्या दाबाच्या हवेवरच्या रायफलीला असा झटका जवळपास नसतो, ती कडक टेकूही बऱ्यापैकी चालवून घेते. तेव्हा आधी आपली रायफल कोणती ते बघा, टेकू मागाहून.

मऊ टेकू म्हणजे भरलेली पिशवी, आणि हा तर आमचा रोजचा धंदा. नुसतं बारदान घेऊ नका. विणीतून बारीक वाळू झिरपते आणि तागाचे धागे दस्त्याच्या लाकडाला अडकतात. जाड कॅनव्हासची पिशवी शिवा. वाळू भरायची तर आत दुसरी पिशवी हवीच. वाळू चाळून, खडखडीत वाळवून घ्या. वाळू जड, जागची हलत नाही. ने-आण करायची असेल तर तांदळाची कणी बरी. मोहरी किंवा राजगिरा नको, गोल दाणा घरंगळतो. कणीला कोपरे असतात, ती एकमेकींत अडकून बसते. पावसाळ्यात तिला टोके लागतात, तेव्हा अधूनमधून उसवून बघा. ठासून भरलेली पिशवी दगडासारखीच उसळवते; अर्धवट भरलेली हळूहळू खचते. मुठीने दाबल्यावर खळगा पडावा आणि तसाच राहावा, इतपत भरा. तोंड दाभणाने, सुतळीचे टाके जवळ घेऊन शिवा. आमचा हमाल हे काम बोलता बोलता करतो; भाच्याने बोट टोचून घेतलं.

पिशवीवर नळी कधीच टेकवू नका. नळीखालचं पुढचं लाकूड टेकवा, आणि रोज त्याच जागी. हवी तर खडूची खूण करा. उंची तुमच्या बसण्याला जुळवा. टेकूसाठी मान वाकवावी लागत असेल तर तो टेकू तुमचा नव्हे. दस्त्याखाली दुसरी लहान पिशवी ठेवली तर ती मुठीत दाबून नेम केसभर वर-खाली करता येतो. मग डोळे मिटा, खांदे सैल सोडा, डोळे उघडा. नेम ठिपक्यावरून सरकलेला असेल तर हाताने ओढून आणू नका, पिशवी आणि बसणं बदला. मात्र पिशवीला हात लावण्याआधी रायफल रिकामी आणि नळी टार्गेटकडेच.

टेकूच्या किती आहारी जायचं, हेही ठरवा. साईट जुळवणं, कोणता छर्रा जवळजवळ लागतो ते पाहणं आणि चाप सावकाश ओढायला शिकणं, यासाठी तो उत्तम. स्पर्धेत मात्र १० मीटरला उभं राहून, बिनटेकूने, अर्ध्या मिलिमीटरचा ठिपका गाठायचा असतो. ज्यांच्या हातांना रायफलीचं वजन पेलत नाही, अशा पॅरा नेमबाजांच्या एसएच-२ गटालाच स्टँडची मुभा आहे. बाकीच्यांना भरलेली वस्तू चालते ती गुडघा टेकून नेम धरताना पायाच्या घोट्याखाली: जास्तीत जास्त २५ सेंटिमीटर लांब आणि १८ सेंटिमीटर व्यासाची गुंडाळी. तीही कशाने आणि किती भरायची, हे ज्याचं त्याला पारखावं लागतं.

पालकांनो, महागडा टेकू घेण्याआधी पोराच्या प्रशिक्षकाला विचारा, आणि दोन पिशव्या शिवून बघा. कॅनव्हास आणि कणी दोन्ही मिळून त्या लोखंडी टेकूच्या पासंगालाही पुरणार नाहीत.