शॉवर घेण्याआधी प्रेशर मोजा

नव्या शॉवरची खरेदी शोरूममध्ये सुरू होते आणि तिथंच संपते. आठ इंची रेन शॉवर, डायव्हर्टर, काळं मॅट फिनिश, बिल वीस-पंचवीस हजारांचं. घरात पाण्याला प्रेशर किती, हे दुकानदार विचारत नाही. आपण सांगतो तेही कौतुकानं, 'आमच्याकडे पाणी अगदी जोरात येतं!' टॉवरच्या खालच्या मजल्यांवर हाच जोर नव्या फिटिंगच्या मुळावर येतो.

टाकीतल्या पाण्याच्या दर 10 मीटर उंचीमागे साधारण 1 बार प्रेशर धरायचं. 22 मजली इमारतीत, मजला 3 मीटरचा मानला तर, चौथ्या मजल्यावरच्या नळाला साडेपाच बारच्या आसपास प्रेशर बसतं. मध्ये ते कमी करणारा व्हॉल्व्ह नसेल तर. शॉवरला 2 ते 3 बार भरपूर होतात. सोबतच्या पत्रकात कमाल प्रेशर छापलेलं असतं, ते बिल करण्याआधी वाचा. त्यापेक्षा जास्त प्रेशर निघालं, तर वॉरंटी नाकारायला कंपनीला तेवढं कारण पुरतं.

म्हणून पहिला खर्च गेजचा, तीनशे ते सहाशे रुपये. वॉशिंग मशीनच्या नळाला तो लावा, घरातले सगळे नळ बंद करा आणि रात्री उशिरा आकडा पाहा. इमारतीत वापर थांबला की प्रेशर सगळ्यात जास्त असतं. सकाळी आठ वाजता घेतलेलं माप फसवं.

इथं प्लंबर हमखास एक तोडगा सुचवतो, 'अँगल कॉक अर्धा बंद ठेवा, झालं काम.' होत नाही. कॉक आवळल्यानं पाणी वाहत असताना धार कमी होते, पण शॉवर बंद केला की काही क्षणांत पूर्ण प्रेशर पुन्हा व्हॉल्व्हवर येऊन बसतं. सील, वॉशर आणि लवचीक कनेक्शन पाइप रात्रभर तेच सोसतात. कमोडशेजारच्या जेटचा पाइप बघा. बंदूक बंद, कॉक उघडा, म्हणजे तो चोवीस तास ताणलेला. घर कुलूपबंद असताना तोच फुटला, तर खालच्यांच्या छताचा खर्चही आपल्याकडे येतो. शॉवरमध्ये बसवायची प्लॅस्टिकची फ्लो चकती पन्नास-शंभर रुपयांत मिळते. तिनं पाणी वाचतं, प्रेशर मात्र जिथल्या तिथं.

खरा इलाज म्हणजे प्रेशर रिड्यूसिंग व्हॉल्व्ह, प्लंबरच्या भाषेत पीआरव्ही. मात्र तो घेण्याआधी वरच्या-खालच्या शेजाऱ्यांना विचारा. त्यांनाही हाच त्रास असेल, तर डक्टमधला सोसायटीचा पीआरव्ही बिघडलेला असण्याची शक्यता मोठी. सामाईक पाइपलाइनची दुरुस्ती सोसायटीच्या खर्चातून होते, त्यासाठी स्वतःच्या खिशात हात घालू नका. पाणी प्रेशर पंपावरून येत असेल, तर पंपाचं सेटिंग खाली आणता येतं का, तेही आधी बघायला सांगा.

स्वतः बसवायची वेळ आली, तर 20 मिलिमीटरचा पितळी पीआरव्ही दीड ते चार हजार, बॉल व्हॉल्व्ह-युनियन वगैरे आठशे ते दीड हजार, मजुरी हजार ते दोन हजार. एकूण साडेतीन ते साडेसात हजार धरून चला. शहर आणि ब्रँडप्रमाणे आकडे हलतील. टाइल फोडावी लागली तर हा अंदाज विसरा. मूळ रंगाची टाइल मिळणं हे वेगळंच प्रकरण आहे. त्यामुळे व्हॉल्व्ह शक्यतो डक्टमध्ये किंवा फॉल्स सीलिंगच्या वर, पण हात पोचेल असा.

जागेला आणखी एक अट आहे. गार आणि गरम, दोन्हीकडे प्रेशर जवळपास सारखं हवं. गिझरचा फाटा फुटण्याआधी पीआरव्ही बसला तर एकात भागतं. सोलरची गरम लाइन गच्चीवरून वेगळी येत असेल आणि पीआरव्ही फक्त गार लाइनवर लावला, तर जोरदार गरम पाणी मिक्सरमधून गार लाइनमध्ये घुसतं. तिथं दोन पीआरव्ही लागतात, जोडीला नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह, आणि खर्च जवळपास दुप्पट. गिझर तापताना त्याच्या सेफ्टी व्हॉल्व्हमधून थेंब पडले तर घाबरू नका आणि ते तोंड कधीही बुजवू नका. फुगलेल्या पाण्याला तीच वाट असते.

6 बारचे 3 बार केले की त्याच शॉवरची धार सुमारे तीस टक्क्यांनी उतरते. मिनिटाला 20 लिटर जात असतील, तर 14. अंगावर फरक फार जाणवत नाही, पण गिझर जास्त वेळ पुरतो.

पैसे देण्याआधी गेज पुन्हा लावून घ्या. नळ बंद असताना काटा 3 बारच्या पुढे सरकायला नको, आणि दहा मिनिटांनी हळूहळू चढलेलाही नको. चढला, तर व्हॉल्व्ह आतून पाझरतोय, तो बदलून मागा. सोसायटीची टाकी साफ झाली की पीआरव्हीची जाळीही काढून धुवा, कारण सुटलेला गाळ तिथंच येऊन अडकतो.