मध्यवातावरणाची साक्ष

नागपूरच्या सोनेगाव येथील हवामान केंद्रातून रोज पहाटे व सायंकाळी एक फुगा आकाशात सोडला जातो. त्याला बांधलेले लहानसे यंत्र तापमान व आर्द्रता कळवीत वर चढते; परंतु सुमारे ३० किलोमीटर उंचीच्या आसपास फुगा फुटतो. त्यापलीकडील वार्ता आपणांस मुख्यतः उपग्रह देतात.

आपण ज्या थरात राहतो, ते तपांबर. आपल्या अक्षांशांवर ते साधारण १६ किलोमीटरपर्यंत असते. त्यावर ५० किलोमीटरपर्यंत स्थितांबर आणि पुढे सुमारे ८५ किलोमीटरपर्यंत मध्यांबर. या दोन्ही थरांना मिळून मध्यवातावरण म्हणतात. २००१ साली सोडलेल्या ‘टाइम्ड’ व २००४ साली सोडलेल्या ‘ऑरा’ या उपग्रहांवरील काही उपकरणे सरळ खाली न पाहता पृथ्वीच्या कडेकडे तिरपी पाहतात. तेथील रेणूंतून निघणारी प्रारणे मोजून उंचीनुसार तापमान व वायूंचे प्रमाण काढता येते.

याचा आपल्या उन्हाळ्याशी काय संबंध? पृथ्वी तापण्याचे कारण सूर्य असता, तर वरचे थरही तापले असते. गेल्या काही दशकांच्या उपग्रह-नोंदी मात्र वेगळेच सांगतात : तपांबर तापत आहे, तर स्थितांबर व मध्यांबर थंड होत आहेत. खाली उष्णता अडविणारा कार्बन डायऑक्साइड वरच्या विरळ हवेत उष्णता अवकाशात टाकतो. तो वाढला की वरचे थर निवतात. स्थितांबराच्या थंड होण्यात ओझोनच्या ऱ्हासाचाही वाटा आहे. हे दोन्ही ठसे मानवी व्यवहाराचेच आहेत. कार्बन डायऑक्साइडचा हा परिणाम स्युकुरो मानाबे व रिचर्ड वेदरल्ड यांनी १९६७ मध्येच गणिताने वर्तविला होता.

कारण कळले, तर उपायही सापडतो. ओझोननाशक रसायनांवर निर्बंध घालणारा माँट्रियल करार १९८७ मध्ये झाला. १९९२ मध्ये भारतही त्यात सहभागी झाला. आज ओझोनचे कवच हळूहळू सावरत आहे.

दुःखाला कारण असते आणि कारण दूर केल्यास दुःखाचा निरोध होतो, हे तथागतांनी शिकविले. केवळ ऐकीव म्हणून काही स्वीकारू नका, हा त्यांचा कालामांना केलेला उपदेशही आपणांस परिचित आहे. वैशाखातील दाहाला दैव न मानता त्याचे कारण शोधणारी, पुरावा मागणारी मुले आपल्या वसतिगृहांतून घडावीत, अशी आम्ही मंगलकामना करतो.