वणव्यानंतरची बाग : पाहणे व रेखाटणे

वणवा विझल्यावर जळक्या रानात पहिले हिरवे पान दिसले की मनाला हायसे वाटते. चित्र काढणाऱ्याचा हात तर त्या पानाकडेच धावतो. पण हिरवळ दिसली म्हणजे सारे सावरले, असे समजणे बरोबर होईल काय? ह्या पाठात आम्ही ऑस्ट्रेलियाचे उदाहरण घेऊन ह्या प्रश्नाचा विचार करणार आहोत.

२०१९-२० च्या उन्हाळ्यात त्या देशात भयंकर वणवे पेटले. एकंदर २ कोटी ४० लाख हेक्टरांहून अधिक जमीन जळाली. रानाच्या कडेच्या ज्या बागा वाचल्या, तेथे तहानलेले पक्षी व प्राणी आले. लोकांनी उथळ भांड्यांत पाणी ठेवले आणि लहान जीव बुडू नयेत म्हणून त्यांत दगड किंवा काटकी घातली. पाण्यापाशी पक्षी घटकाभर थांबतो; म्हणून रेखाटनाचा आरंभ तेथूनच करावा.

१. आधी ठेवण, मग रंग. बागेत येणारा फेअरी-रेन हा पक्षी चिमणीहून लहान असतो. गोल अंग व उभी शेपटी एवढे दोनच आकार प्रथम काढावेत. नराच्या डोक्यावरील निळाई मागाहून भरावी. फ्लेम रॉबिन जळून मोकळ्या झालेल्या रानात पुष्कळदा दिसतो. तो फांदीवर ताठ बसतो व भुईवरील किड्यावर झेप घेतो. त्याचा ताठपणा साधला नाही, तर छातीचा नारिंगी रंग कितीही सुरेख भरला तरी व्यर्थ.

२. खोड नीट पाहावे. निलगिरीच्या अनेक जातींत जाड सालीखाली सुप्त डोळे असतात. शेंडा जळाला की ते जागे होतात आणि काळ्या खोडावरच पालवीचे झुबके फुटतात. आपण सवयीने पालवी फांद्यांच्या टोकांना काढतो. येथे ते चूक ठरेल. खोडाच्या काळेपणासाठी कोळशाची कांडी उत्तम.

३. जे नाही, तेही नोंदवावे. कांगारू बेटाचा जवळजवळ निम्मा भाग त्या वणव्यांत जळाला. तेथील काळा काकाकुवा मुख्यतः शी-ओक नावाच्या झाडाच्या बियांवर जगतो. नवे झाड बी देऊ लागण्यास कित्येक वर्षे जातात. हा पक्षी घरटे करतो ते जुन्या निलगिरीच्या ढोलीत, आणि अशी ढोली तयार होण्यास बहुधा शंभराहून अधिक वर्षे लागतात. तेव्हा समोरच्या झाडाला ढोली नसेल, तर चित्र शोभावे म्हणून ती घालू नये. कडेला सरळ लिहावे : 'ढोली नाही.' पालवी ही आशेची खूण खरी. पण पक्ष्याला राहण्यास जागा नाही, हेही तितकेच खरे. दोन्ही दाखवील तेच चित्र प्रामाणिक.

ह्यासाठी एकच जागा निवडावी. दर महिन्याला तेथेच उभे राहून रेखाटन करावे व तारीख घालावी. जुने पान खोडून सुधारू नये. वर्षाअखेर बारा पाने शेजारी मांडली म्हणजे काय परतले आणि काय अजून परतायचे आहे, हे आपोआप कळेल.

अभ्यासासाठी :
(१) आपल्या अंगणात येणारा बुलबुल पाच मिनिटे पाहा; मग न पाहता काढा. काय निसटले?
(२) पूर्वी दिसणारा कोणता पक्षी आता तेथे दिसत नाही? त्याची जागा कागदावर रिकामी ठेवा व कारण शोधा.