पंखा, कूलर की एसी? घरातल्या निर्णयातून विज्ञानाचा पाठ



एप्रिल लागला की नारायणगाव, मंचर, ओतूरच्या दुकानांपुढे कूलरच्या रांगा लागतात. "सर, कूलर घेऊ की एसी?" असं पालक हमखास विचारतात. याचं उत्तर जाहिरातीत नाही, आपल्या घरातल्या हवेत आहे. आणि ते आपली मुलंच मोजून सांगू शकतात.

आधी विज्ञान समजून घेऊ

माठातून पाझरलेलं पाणी वाळताना उष्णता घेऊन जातं, म्हणून आतलं पाणी गार होतं. एक लिटर पाण्याची अशी वाफ होताना सुमारे २४०० किलोज्यूल उष्णता शोषली जाते. कूलर म्हणजे पंखा लावलेला माठच! एसीचं तसं नाही. त्यातला कॉम्प्रेसर खोलीतली उष्णता उचलून बाहेर टाकतो. पंखा मात्र हवा गार करत नाही, फक्त आपला घाम लवकर वाळवतो.

प्रयोग

दोन सारखे तापमापक घ्या. एकाच्या फुग्याला ओलं सुती कापड गुंडाळा. दोन्ही सावलीत ठेवून पंख्याने वारा घाला. दहा मिनिटांनी दोन्हींची नोंद करा. समजा कोरडा ३८ अंश आणि ओला २२ अंश दाखवतो, म्हणजे फरक १६. चांगला कूलर या फरकाच्या साधारण पाऊण हिस्सा हवा गार करतो, म्हणजे १२ अंश. पावसाळी हवेत कोरडा २९ आणि ओला २६ असेल, तर कूलरने जेमतेम दोन अंश उतरतील आणि चिकचिक वाढेल ती वेगळीच.

विजेचा हिशोब (रोज ८ तास)

- साधा पंखा, ७५ वॅट: ०.६ युनिट
- बीएलडीसी पंखा, ३० वॅट: ०.२४ युनिट
- कूलर, २०० वॅट: १.६ युनिट
- दीड टनी एसी, १५०० वॅट: जास्तीत जास्त १२ युनिट (कॉम्प्रेसर अधूनमधून थांबतो, त्यामुळे प्रत्यक्षात कमी)

आपल्या तालुक्यांचा विचार

कूलरला बाहेरची कोरडी हवा आत यायला आणि आतली दमट हवा बाहेर जायला वाट लागते. पण जुन्नर-आंबेगावात बिबट्याच्या धास्तीने लोक अंगणात झोपायचे थांबले, रात्री दारं-खिडक्या लावून घेतात. बंद खोलीत कूलर लावला की थोड्याच वेळात हवा कोंदट होते. म्हणून कूलर एका खिडकीत बसवा आणि समोरची मजबूत गज व जाळी असलेली खिडकी उघडी ठेवा. दार बंदच असू द्या. दुसरी खिडकी नसेल, तर कूलरच्या आधी खिडकीवर खर्च करा.

आणे पठारासारख्या भागात हवा कोरडी असल्याने कूलर उत्तम चालतो, पण रात्रभरात २०-३० लिटर पाणी सहज पितो. मे महिन्यात टँकरची वाट बघणाऱ्या घराला ते परवडेल का, हेही बघा. पत्र्याचं घर असेल तर आधी पत्र्यावर चुना मारा किंवा वर कडब्याची सावली करा. तापलेल्या पत्र्याखाली पंखा गरम हवाच फिरवतो.

घरात आजारी माणूस किंवा तान्हं बाळ असेल आणि वीज नीट राहत असेल, तर एसीचा विचार जरूर करा. तो २४ अंशांवर ठेवला तरी पुरतो.

हे विसरू नका

कूलरमध्ये पाणी भरताना बटण बंद करून प्लग काढा. अर्थिंग तपासून घ्या. लहान मुलांना ओल्या हाताने हात लावू देऊ नका. आठवड्यातून एकदा टाकी रिकामी करून घासा, नाहीतर डेंग्यूचे डास होतात.

स्वाध्याय

१. सलग सात दिवस दुपारी दोन वाजता दोन्ही तापमापकांची नोंद करा. कूलर कोणत्या दिवशी जास्त उपयोगी पडला असता?
२. घरचं वीजबिल पाहून प्रत्येक साधनाचा महिन्याचा खर्च काढा.
३. तुमच्या खोलीचा नकाशा काढून हवा कुठून येते, कुठून जाते ते बाणांनी दाखवा.

दहावीच्या 'उष्णता' या पाठाला ही उजळणी छान जोडता येते. पालकहो, दुकानात जाण्याआधी मुलांची ही वही एकदा नक्की बघा!