फौजी माणसाने कुठे बोलावे

फौजेतून निवृत्त झालो, दिघीत घर केले आणि आता चाकण एमआयडीसीतल्या एका कारखान्याची सुरक्षा सांभाळतो. देहूरोड, दापोडी, दिघी, खडकी हा सगळा पट्टाच फौजेचा, त्यामुळे इकडच्या गेटांवर माजी सैनिक पुष्कळ. जनरल आणि मंत्री यांच्यात काही वाजले, की चहाला तोच विषय. त्या बोलण्यातून माझी जी मते पक्की झाली, ती अशी.

१. वरिष्ठाला अप्रिय गोष्ट तोंडावर आणि लेखी सांगणे, हे अधिकाऱ्याचे कामच आहे. कोल्हापूरकडचे लेफ्टनंट जनरल एस. पी. पी. थोरात १९५९ मध्ये पूर्व विभागाचे प्रमुख होते. चीनचा धोका खरा आहे आणि आहे त्या बळावर नेफातली (आजच्या अरुणाचल प्रदेशातली) ठाणी टिकणार नाहीत, असे टिपण त्यांनी वर पाठवले. मार्च १९६० मध्ये लखनौला ‘लाल किल्ला’ हा सराव घेऊन तेच पुन्हा मांडून दाखवले. संरक्षणमंत्री कृष्ण मेनन यांना ते पटले नाही. १९६१ मध्ये सेनाप्रमुखपद जनरल थापरांकडे गेले, थोरात निवृत्त झाले. पुढच्याच वर्षी चीनने हल्ला केला, नेफात त्यांनी सांगितले होते तसेच घडले आणि नेहरूंनी त्यांना दिल्लीला बोलावून घेतले. थोरातांच्या आत्मचरित्राप्रमाणे ते टिपण नेहरूंपर्यंत कधी पोचलेच नव्हते.

आमच्यातले काही म्हणतात, थोरातांनी तेव्हाच पेपरात द्यायला हवे होते. मला हे अजिबात मान्य नाही. आपली ठाणी कुठे कच्ची आहेत हे छापून आले असते, तर ते चीननेही वाचले असते. दोष कागद अडवणाऱ्यांचा आहे, आणि तो मी कधीच माफ करणार नाही. त्या कागदाची किंमत जवानांनी बर्फात मोजली.

२. भांडण चव्हाट्यावर आले की मूळ मुद्दा मागे पडतो. मेनन यांच्या वागण्याला कंटाळून तेव्हाचे सेनाप्रमुख जनरल थिमय्या यांनी ऑगस्ट १९५९ च्या अखेरीस राजीनामा दिला, नेहरूंच्या सांगण्यावरून परत घेतला, आणि बातमी फुटली. मग संसदेत चर्चा झाली ती जनरल मोठा की मंत्री याची. लोकांनी निवडलेलेच वरचढ, हे नेहरूंनी ठणकावले. ते बरोबरच होते. पण सीमेवरच्या तयारीचे काय, हे तसेच राहिले.

३. नियम पाठ असावेत. घटनेच्या कलम ३३ प्रमाणे संसद सैनिकांच्या मूलभूत हक्कांवर मर्यादा घालू शकते. १९५४ च्या सेना नियमांतला एकविसावा नियम परवानगीशिवाय वर्तमानपत्राकडे जाऊ देत नाही. पण सेना कायद्याची कलमे २६ आणि २७ तक्रारीचा हक्कही देतात. अधिकाऱ्याची तक्रार थेट केंद्र सरकारपर्यंत जाऊ शकते. फोनवर व्हिडिओ टाकायला निघालेल्या पोरांना ही दुसरी बाजू कोणी सांगतच नाही.

४. निवृत्तीनंतर बोलावे, जरूर बोलावे, पण स्वतःच्या नावाने आणि सही तपासून. एप्रिल २०१९ मध्ये, मतांसाठी सैन्याचा वापर करू नका, असे पत्र दीडशेहून अधिक माजी सैनिकांच्या नावांनी राष्ट्रपतींना गेले. मागणी रास्त होती. पण माजी सेनाप्रमुख जनरल रॉड्रिग्ज आणि माजी हवाईदलप्रमुख एअर चीफ मार्शल सुरी यांनी आपली संमती नसल्याचे सांगितले आणि सगळा वाद सह्यांवरच अडकला.

५. सांगण्यासारखे असेल ते लोकांपर्यंत पोचू द्यावे. ज्ञानप्रबोधिनीत शिकलेले आपले पुण्याचे मनोज नरवणे एप्रिल २०२२ पर्यंत सेनाप्रमुख होते. त्यांचे आत्मचरित्र २०२४ च्या सुरुवातीला यायचे होते, ते सरकारी मंजुरीत अडकले. आधी छापून आलेल्या भागात चार वर्षांच्या भरतीच्या अग्निपथ योजनेविषयी त्यांनी मोकळेपणाने लिहिले आहे. पंचाहत्तर टक्के मुले सेवेत ठेवावीत असे सैन्याचे मत होते. योजनेत पंचवीसच राहिले. सुरुवातीचा पगार वीस हजार ठरत होता, तो सैन्याने लावून धरल्यावर तीस झाला.

खेड-मावळातली पोरे आजही पहाटे भरतीसाठी धावतात. चार वर्षांनी परत आलेल्यांतले कित्येक आमच्याच गेटवर काम मागायला येतील. पुस्तकातले जे खरोखर गुप्त असेल ते काढा आणि उरलेले छापू द्या. सेनाप्रमुखाने सरकारला काय सांगितले होते, हे त्या पोरांना फॉर्म भरण्याआधी वाचायला मिळाले पाहिजे.