बालकल्याण समितीचे सदस्य : निवड, पात्रता आणि जबाबदारी

घर सोडून रेल्वे स्थानकावर आलेला मुलगा, रुग्णालयात मागे सोडून दिलेले अर्भक, बोहल्यावर चढण्यापूर्वी सोडविलेली अल्पवयीन मुलगी, अशा बालकांच्या भवितव्याचा निर्णय जिल्ह्यातील बालकल्याण समिती घेते. मूल पालकांकडे परत द्यावयाचे, संस्थेत ठेवावयाचे की दत्तक देण्यास मोकळे असल्याचे जाहीर करावयाचे, हे तीच ठरविते. त्यामुळे या समितीवर कोणाची व कशी नेमणूक होते हा केवळ कार्यालयीन प्रश्न राहत नाही.

मंडळाकडून समितीकडे

मुंबई इलाख्यात मुलांसाठी स्वतंत्र कायदा १९२४ साली झाला. पुढे १९८६ च्या केंद्रीय कायद्याने निराधार व उपेक्षित मुलांसाठी कल्याण मंडळांची तरतूद केली आणि २००० च्या कायद्यात त्यांची जागा बालकल्याण समितीने घेतली. सध्याची रचना २०१५ च्या बाल न्याय अधिनियमानुसार आहे. प्रत्येक जिल्ह्यासाठी राज्य शासन किमान एक समिती राजपत्रातील अधिसूचनेद्वारे स्थापन करते. तीत एक अध्यक्ष व चार सदस्य असतात; त्यांपैकी किमान एक महिला व एक बालकांच्या प्रश्नांची तज्ज्ञ व्यक्ती असणे आवश्यक आहे. ही समिती पीठ म्हणून काम करते व तिला प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्याचे अधिकार आहेत. म्हणूनच हे सदस्यत्व मानाचे पद नसून न्यायदानाचे काम आहे.

पात्रता व अपात्रता

बालमानसशास्त्र, मनोविकारशास्त्र, कायदा, समाजकार्य, समाजशास्त्र, आरोग्य, शिक्षण, मानवी विकास किंवा दिव्यांग मुलांचे विशेष शिक्षण यांपैकी एका विषयाची पदवी आवश्यक आहे. त्याशिवाय उमेदवाराने मुलांच्या आरोग्य, शिक्षण वा कल्याणाच्या कार्यात सात वर्षे सक्रिय सहभाग घेतलेला असावा, किंवा तो संबंधित विषयातील व्यावसायिक असावा.

२०२१ च्या दुरुस्तीने अपात्रतेच्या अटी स्पष्ट केल्या. मानवी हक्कांचे वा बालहक्कांचे उल्लंघन केलेली, नैतिक अधःपतनाच्या गुन्ह्यात शिक्षा झालेली, शासकीय सेवेतून बडतर्फ झालेली किंवा बालमजूर कामास ठेवलेली व्यक्ती सदस्य होऊ शकत नाही. त्याचप्रमाणे जिल्ह्यातील बालगृहाच्या व्यवस्थापनात असलेली व्यक्तीही अपात्र ठरते.

या शेवटच्या अटीबाबत कधी कधी नाराजी व्यक्त होते. मुलांसाठी संस्था चालविणाऱ्यासच मुलांचे प्रश्न अधिक कळतात, असे म्हटले जाते. त्यात तथ्य आहे. परंतु समितीने निवासी संस्थांना महिन्यातून किमान दोन तपासणी भेटी द्याव्यात, असे कायदा सांगतो. शिवाय कोणते मूल कोणत्या संस्थेत पाठवावयाचे, हेही समितीच ठरविते. स्वतःच्या संस्थेची तपासणी स्वतःच करणे हे कितीही सज्जन माणसाच्या हातून निःपक्षपातीपणे होणे कठीण. अनुभवी कार्यकर्त्याच्या ज्ञानाचा लाभ अन्य मार्गांनी घेता येतो. त्याला न्यायासनावर बसविण्याची गरज नाही.

निवड कशी होते

शासन सदस्यांची नेमणूक निवड समितीच्या शिफारशीवरून करते. केंद्राच्या २०१६ च्या नमुना नियमांत या निवड समितीच्या अध्यक्षपदी उच्च न्यायालयाचे निवृत्त न्यायमूर्ती असावेत आणि तीत विभागाचे प्रतिनिधी, स्वयंसेवी संस्थांचे व विद्यापीठीय क्षेत्रातील प्रतिनिधी असावेत, अशी योजना होती. शिफारसपत्राचे वजन अर्जदाराच्या कामापेक्षा अधिक होऊ नये, हाच या योजनेचा हेतू होय.

रिक्त पदाची किंमत

सापडलेले मूल प्रवासाचा वेळ वगळून चोवीस तासांच्या आत समितीपुढे हजर करावे लागते. समिती बसलेली नसेल तर एका सदस्यापुढेही ते हजर करता येते. मात्र प्रकरणाचा अंतिम निर्णय देताना किमान तीन सदस्य उपस्थित असावे लागतात. पाच पदांपैकी दोन रिक्त असली आणि उरलेल्या तिघांपैकी एक आजारी पडला, तर त्या दिवशी एकही अंतिम निर्णय होऊ शकत नाही. कागदावर समिती अस्तित्वात असते. मूल मात्र संस्थेत वाट पाहत राहते. दोन वर्षांच्या आतील अर्भकाच्या बाबतीत असे गेलेले महिने भरून निघत नाहीत. सर्वोच्च न्यायालयानेही २०१८ मध्ये एका जनहित याचिकेवरील निकालात बाल न्याय यंत्रणेतील रिक्त पदे त्वरित भरण्यावर भर दिला होता.

नेमणूक तीन वर्षांपेक्षा अधिक काळासाठी करता येत नाही. म्हणजे पद कधी रिक्त होणार, हे नेमणुकीच्या दिवशीच ठाऊक असते. नव्या निवडीची प्रक्रिया मुदत संपण्याच्या पुरेशी आधी सुरू करणे एवढेच प्रशासनाच्या हाती असलेले, परंतु सर्वांत परिणामकारक पाऊल आहे.

सदस्यांची बांधिलकी

समितीने महिन्यातून किमान वीस दिवस बैठक घ्यावी लागते. सबळ कारणाविना सलग तीन महिने गैरहजर राहणाऱ्या किंवा वर्षातील तीनचतुर्थांशांपेक्षा कमी बैठकांना उपस्थित राहणाऱ्या सदस्याची नेमणूक चौकशीअंती रद्द होऊ शकते. इतका वेळ देता येणे शक्य नसेल, तर अर्ज न करणेच उचित.

पंचायत सदस्य व शिक्षक यांचे या बाबतीत दुहेरी कर्तव्य आहे. संकटात सापडलेल्या बालकाची वार्ता वेळेवर समितीपर्यंत पोहोचविणे हे पहिले. आपल्या परिसरात मुलांसाठी वर्षानुवर्षे निष्ठेने झटणाऱ्या, परंतु कोणाच्याही शिफारशीशिवाय राहिलेल्या पात्र व्यक्तींना जाहिरात निघताच अर्ज करण्यास प्रवृत्त करणे हे दुसरे. खुर्ची योग्य माणसाने वेळेवर भरली, तरच तिच्यासमोर उभ्या राहिलेल्या मुलाला न्याय मिळेल.