मोटारीचा पुढला आंस : अखंड कीं सुटा?

बैलगाडीचें एक चाक दगडावर चढलें कीं सारी गाडी कलते. कारण तिचा आंस साठ्याला घट्ट बांधलेला असतो. 1941 सालीं अमेरिकन सैन्याकरितां बनूं लागलेल्या विलीज जीपचा पुढला आंसहि अखंडच होता. परंतु कमानपाट्यांवर बसविलेला असल्यामुळें तो गाडीखालीं तराजूच्या दांडीप्रमाणें डोले. एक चाक वर गेलें कीं दुसरें खालीं दाबलें जाई व सहसा भुई सोडीत नसे. हें मोठ्या महत्त्वाचें आहे. दोन्ही चाकांना शक्ति वांटून देणारी डिफरेन्शियल नांवाची दांतेरी चक्रांची पेटी असते. तिचा स्वभाव असा, कीं जें चाक अधांतरीं लोंबतें तेंच व्यर्थ गरगरतें आणि भुईवरचें स्वस्थ राहतें!

सुट्या रचनेंत प्रत्येक चाक आपापल्या भुजांवर वरखालीं होतें. एकाचा धक्का दुसऱ्यास पोंचत नाहीं, म्हणून वेगांतहि सुकाणूं स्थिर राहतें. मात्र येथें ती पेटी सांगाड्याला जखडलेली असते. गाडी पुढें दबली कीं तीहि दगडांकडे झुकते. अखंड आंसांत ती चाकांबरोबर उचलली जाते.

2020 सालच्या महिंद्र थारचीं पुढलीं चाकें सुटीं आहेत. 2023 सालीं भारतांत विक्रीस आलेल्या सुझुकी जिम्नीचीं अखंड आंसावर. ज्यास नित्य डांबरी रस्त्यानेंच जावयाचें, त्यानें केवळ रुबाबाकरितां अखंड आंसाचे हादरे सोसावे, हें आम्हांस तरी पटत नाहीं. ओढ्यांतील गोट्यांवरून ज्याची वाट, त्याचें निराळें. त्याचें एखादें चाक दर दहा हातांवर आभाळाकडे जातें.